एका विशेषणाला दोन चाली कशासाठी? आइसलँडिक आणि फेरोईजची गोष्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. आइसलँडिकमध्ये ‘काल्दुर’ म्हणजे थंड. या पुल्लिंगी रूपात शेवटी ‘उ’ आहे, तरी आतला ‘आ’ जागचा हललेला नाही. स्त्रीलिंगी रूप ‘कॉल्द’. त्यात ‘उ’ औषधालाही नाही, आणि ‘आ’चा मात्र ‘ऑ’ झालाय. पुस्तक तर सांगतं की पुढे ‘उ’ आला की ‘आ’चा ‘ऑ’ होतो. मग हे उलटं कसं? शिवाय प्रत्येक विशेषणाचे दोन-दोन तक्ते पाठ का करायचे, ते आले कुठून, आणि फेरोईजमध्येही, म्हणजे फेरो बेटांच्या भाषेतही, हेच आहे का?

गेली बरीच वर्षं मी या भाषा शिकवतोय. दर वर्षी हा प्रश्न साधारण तिसऱ्या महिन्यात येतो. तो विचारणारा विद्यार्थी पुढे टिकतो असं माझं निरीक्षण आहे, कारण न विचारणारे तक्ते घोकत बसतात आणि पाचव्या महिन्यात दिसेनासे होतात.

आधी उच्चारांबद्दल दोन शब्द. खाली ‘ऑ’ लिहिलाय तो आपल्या ‘डॉक्टर’मधला नाही. ओठ गोल करून ‘ए’ म्हणा, म्हणजे जवळपास येईल. शब्दाच्या मधला ‘द’ बहुतेक वेळा जिभेचं टोक दातांना हलकेच घासून म्हणायचा. ‘ह्त’ दिसलं की ‘त’च्या आधी श्वासाचा एक झुळका सोडायचा.

तुम्हाला विशेषणं चालवता येतात, फक्त ते ठाऊक नसतं. रेकयाविकला उतरलेला माणूस पहिल्याच दिवशी तीन वाक्यं शिकतो: ‘गोउदान दाग’, ‘गोह्त क्वॉल्द’, ‘गोउदा नोउह्त’. म्हणजे शुभ दिवस, शुभ संध्याकाळ, शुभ रात्री. तिन्हींत विशेषण एकच, ‘गोउदुर’, म्हणजे चांगला. ‘दागुर’ (दिवस) पुल्लिंगी म्हणून ‘गोउदान’, ‘क्वॉल्द’ (संध्याकाळ) नपुंसकलिंगी म्हणून ‘गोह्त’, ‘नोउह्त’ (रात्र) स्त्रीलिंगी म्हणून ‘गोउदा’. तिन्ही द्वितीयेत, कारण मुळात ‘तुम्हाला चांगला दिवस चिंतितो’ असं वाक्य आहे आणि त्यातला चिंतणारा गळून गेलाय. फेरोईजमध्ये लिहिताना ‘गोउदान दाग’ हुबेहूब तेच, पण बोलताना मधला ‘द’ गायब: ‘गोउवान देआ’, ‘गोउवा नोत्त’. त्यांच्या लेखनात तो ‘द’ असतो, कारण हॅमर्सहाइंब यांनी 1846 साली फेरोईजची लेखनपद्धती बसवली ती व्युत्पत्तीवर, उच्चारावर नाही. म्हणून फेरोईज मजकूर डोळ्यांना ओळखीचा वाटतो आणि कानांना परका. आइसलँडिक शिकलेला माणूस फेरोईज वर्तमानपत्र वाचू शकतो, त्यांच्या राजधानीत, तोर्शाव्हनच्या बसमध्ये, मात्र सुरुवातीला गोंधळतो.

आता तो ‘उ’.

‘काल्दुर’मधला शेवटचा ‘उर’ हा मूळचा ‘उ’ नव्हेच. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे या दोन्ही भाषांच्या आईत, शब्द ‘काल्द्र’ असा होता, नुसता ‘र’. त्याच्याही मागे गेलं की आदि-जर्मानिकमध्ये, म्हणजे नॉर्स, जर्मन, इंग्रजी यांच्या मूळ भाषेत, ‘काल्दझ’, शेवट ‘अझ’. हा ‘अझ’ म्हणजे आपल्या ‘नवः’मधल्या विसर्गाचा सख्खा भाऊ. संस्कृत ‘नवः’, लॅटिन ‘नोवुस’, आइसलँडिक ‘नीर’, तिन्हींचा अर्थ ‘नवा’, आणि शेवट एकाच घरचा. ‘काल्द्र’ म्हणताना जीभ अडखळते, म्हणून तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास ‘र’च्या आधी एक ‘उ’ घुसला. आपण ‘जन्म’चा ‘जलम’ करतो, तसलाच प्रकार. पण तोवर ‘आ’चा ‘ऑ’ करण्याचं युग कधीच सरलं होतं. उशिरा आलेल्या पाहुण्याला पंगतीत जागा मिळाली नाही.

स्त्रीलिंगाची हकिगत याच्या उलट. संस्कृतात ‘नवः’चं ‘नवा’ होतं, शेवटी दीर्घ ‘आ’. जर्मानिकमध्ये त्या ‘आ’चा ‘ओ’ झाला, मग ‘उ’. म्हणजे एके काळी ‘काल्दु’ असं रूप होतं. त्या ‘उ’ने आतल्या ‘आ’ला आपल्याकडे ओढलं, त्याचा ‘ऑ’ केला, आणि व्हायकिंग काळाच्या आधीच तो स्वतः गळून पडला. उरलं ‘कॉल्द’. फेरोईजमध्येही हेच: ‘स्वार्तुर’ काळा, ‘स्वॉर्त’ काळी. पुस्तकातला नियम खोटा नाही. तो आज दिसणाऱ्या प्रत्येक ‘उ’ला लागू करायचा नाही, इतकंच.

नपुंसकलिंगी अनेकवचनसुद्धा ‘कॉल्द’ असंच होतं, कारण तिथेही तोच ‘आ’ होता. वैदिक संस्कृतात ‘विश्वानि’च्या जोडीला नुसतं ‘विश्वा’ असं नपुंसक अनेकवचन सापडतं, तेच हे. आणि इथे मराठी माणसाला एक फायदा फुकट मिळतो. एक बाई आणि एक पुरुष दमले असतील तर आइसलँडिकमध्ये ‘थॉय एरु थ्रेइह्त’ म्हणतात, नपुंसकलिंगी अनेकवचन. इंग्रजी किंवा हिंदीभाषक विद्यार्थी इथे हमखास थबकतो. आपण? ‘ती दोघं दमली.’ पुरुष असतील तर दोघे, बायका असतील तर दोघी, मिश्र असतील तर दोघं. आइसलँडिक: त्वेइर, त्वाइर, त्वॉ. वर्गात मराठी मुलं असली की हा धडा मी पाच मिनिटांत उरकतो.

आता दोन तक्त्यांकडे वळू. या दोन चालींना ‘सबल’ आणि ‘दुर्बल’ ही नावं याकोब ग्रिमची. मला ती मुळीच आवडत नाहीत, कारण त्यांतून काहीच कळत नाही. मी वर्गात त्यांना ‘सर्वनामाची चाल’ आणि ‘टोपणनावाची चाल’ म्हणतो. व्याकरणाच्या पुस्तकात ही नावं मिळणार नाहीत, पण इतिहास नेमका हाच आहे.

शाळेत ‘देव’ चालवला असेल, आणि मग ‘सर्व’ आला तेव्हा घोटाळा झाला असेल. ‘देवाय’ पण ‘सर्वस्मै’, ‘देवाः’ पण ‘सर्वे’, ‘देवानाम्’ पण ‘सर्वेषाम्’. कारण ‘सर्व’ हा ‘तत्’सारखा चालतो: तस्मै, ते, तेषाम्. संस्कृतात असे मोजकेच शब्द. बाकी सगळी विशेषणं नामासारखी गुमान चालतात. जर्मानिक भाषांनी काय केलं, तर ‘सर्व’चा हा अपवाद उचलून झाडून सगळ्या विशेषणांना लावला. गॉथिक ही आता लुप्त झालेली जर्मानिक भाषा, तिच्यातल्या चौथ्या शतकातल्या बायबलमध्ये हे उघड दिसतं. सर्वनाम ‘थाना’ (त्याला), ‘थाता’ (ते). विशेषण ‘ब्लिंदाना’, ‘ब्लिंदाता’, म्हणजे आंधळ्याला, आंधळं. आइसलँडिकमध्ये याचं ‘ब्लिंदान’ आणि ‘ब्लिंत’ उरलं.

त्या ‘त’कडे जरा जवळून बघा. ‘रॉयदुर’ म्हणजे लाल, नपुंसकलिंगी ‘रॉयह्त’. शेवटी चिकटलेला ‘त’ हा संस्कृत ‘तत्’, ‘यत्’मधल्या हलन्त ‘त्’च्या कुळातला. तसंच ‘रॉयद्री’ (स्त्रीलिंगी चतुर्थी), ‘रॉयद्रार’ (स्त्रीलिंगी षष्ठी) आणि ‘रॉयद्रा’ (षष्ठीचं अनेकवचन) यांतला ‘र’. विद्यार्थ्यांना तो उगाच मध्ये आल्यासारखा वाटतो. तस्यै, तस्याः, तेषाम् शेजारी ठेवा. तिथला ‘स’ किंवा ‘ष’ जर्मानिकमध्ये ‘झ’ झाला आणि नॉर्समध्ये ‘र’. ज्याच्या कानात ‘तेषाम्’ पक्कं बसलंय त्याला ‘रॉयद्रा’ पाठ करावं लागत नाही.

दुसरी चाल मला जास्त आवडते. तिच्यासाठी संस्कृतकडे जायची गरज नाही, गोठ्यात गेलं की पुरे. ढवळा बैल म्हणजे पांढरा बैल, कुठलाही. पण ‘ढवळ्या’ म्हटलं की तो एकच, दावणीला बांधलेला, ज्याच्या शेजारी पवळ्या असतो तो. लंगडा म्हणजे लंगडणारा कोणीही. ‘लंगड्या’ म्हणजे गल्लीतला तो ठरावीक पोरगा. गुण सांगणाऱ्या शब्दाला शेपूट जोडून आपण त्याचं नाव करतो. प्राचीन युरोपात हे काम ‘न’ करायचा. लॅटिनमध्ये ‘कातुस’ म्हणजे धूर्त, त्यापासून ‘कातो’, षष्ठीत ‘कातोनिस’. ग्रीकमध्ये ‘स्त्राबोस’ म्हणजे तिरळा, त्यापासून ‘स्त्राबोन’. तो प्रसिद्ध भूगोलकार म्हणजे शब्दशः ‘तिरळ्या’. जर्मानिकने ही युक्तीही सगळ्या विशेषणांना लावली. ‘न’ पुढे झिजून गेला, स्वर राहिले: ‘रॉयदी’, ‘रॉयदा’, ‘रॉयदु’. संपली चाल.

म्हणून आइसलँडच्या इतिहासातली टोपणनावं याच रूपात आहेत. एइरीकुर रॉयदी म्हणजे लाल एरिक, ग्रीनलंडमध्ये वसाहत करणारा. त्याचा मुलगा लेइवुर हेह्प्नी, नशीबवान लेइव. इतिहासकार आरी फ्रोउदी, ज्ञानी आरी. एरिकवरच्या जुन्या सागेचं (गद्य कथेचं) नाव आहे ‘एइरीक्स सागा रॉयदा’. यात ‘एइरीक्स’ षष्ठी, ‘रॉयदा’ही षष्ठी, आणि दोघांच्या मधोमध ‘सागा’ येऊन बसलीय. शब्दक्रम ‘एरिकची सागा लालची’ असा वाटतो, पण प्रत्यय जुळत असल्यामुळे लाल कोण याबद्दल कुणाला शंका येत नाही.

आज वापराचा नियम असा आहे. कुठलीही एक लाल गाडी असेल तर ‘रॉयदुर बीत्ल’. ठरावीक, ओळखीची असेल तर ‘रॉयदी बीत्लिन’, विशेषण टोपणनावाच्या चालीत आणि नामाला मागे चिकटलेलं निश्चयवाचक ‘इन’. वाक्याच्या शेवटी ‘गाडी लाल आहे’ म्हणताना नेहमी सर्वनामाची चाल. फेरोईज इथे जास्त भरघोस आहे. तिथे पुढे एक ‘तान’ (तो) लागतो, मागे प्रत्ययही राहतो आणि विशेषण दुसऱ्या चालीतच: ‘तान रेय्यी बीलुरिन’. एका गाडीचं ठरावीकपण तीनदा सांगायचं. आइसलँडिक माणसाला हे बोजड वाटतं, फेरोईज माणसाला आइसलँडिक तुटक वाटते.

एक बारकावा पुस्तकं तळटिपेत ढकलतात. तो मला महत्त्वाचा वाटतो. ‘वर निळ्या आकाशात पाहिलं’ हे आइसलँडिकमध्ये ‘ब्लाउआन हिमिनिन’ असं येतं. नाम निश्चित आहे, तरी विशेषण पहिल्या चालीत! कारण आकाश एकच. अनेक आकाशांतून ‘ते निळं वालं’ आपण निवडत नाही, त्याचा निळेपणा फक्त जाता जाता सांगतो. निवड करायची असेल तेव्हा दुसरी चाल. रोजच्या बोलण्यातलं ‘गोउदान दाइयिन’ (‘गोउदान दाग’चंच जास्त चालणारं रूप) याच घडणीचं. अशी जोडणी वाचनात दिसली की तिथे पेन्सिलीने खूण करा. वर्षभरात कान तयार होतो.

कागदावर हिशेब घाबरवणारा आहे. तीन लिंगं, दोन वचनं, चार विभक्ती, दोन चाली: एका विशेषणाला 48 घरं. पण ‘रॉयदुर’ची वेगवेगळी रूपं मोजली तर 14 भरतात. त्यातली तेरा पहिल्या चालीत दिसतात. दुसरी चाल ‘रॉयदी’ एवढंच नवं आणते. फेरोईजमध्ये आणखी कमी, कारण षष्ठी बोलीतून जवळपास उठून गेलीय. फेरोईजने जिथे सोय दिसली तिथे रूपंही सरळ केली. जुन्या ‘स्तोउर्र’मधला (मोठा) शेवटचा ‘र’ आइसलँडिकमध्ये मूळ शब्दातच विरला, म्हणून पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्ही ‘स्तोउर’. फेरोईजने पुन्हा ‘उर’ जोडून ‘स्तोउरुर’ केलं. ‘थंड पाण्यात’ आइसलँडिकमध्ये ‘कॉल्दु वात्नी’, फेरोईजमध्ये ‘कॉल्दुम’, पुल्लिंगासारखंच. आणि तो ‘उम’ही बोलताना बहुधा ‘उन’ ऐकू येतो. पुल्लिंगी द्वितीया अनेकवचनात आइसलँडिक ‘उंगा’ (तरुण), फेरोईज ‘उंगार’. दोन्ही भाषा नवव्या शतकाच्या आसपास मुख्यतः पश्चिम नॉर्वेतून समुद्रापार गेल्या, तेव्हा एकच होत्या.

तर-तम भाव मराठी वाचकाला जवळजवळ फुकट आहे. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ यांतला ‘इष्ठ’ तिथे ‘स्त’ होऊन बसलाय: ‘बेस्तुर’ सर्वांत चांगला, ‘एल्स्तुर’ सर्वांत म्हातारा, ‘इंग्स्तुर’ सर्वांत तरुण. त्या ‘इष्ठ’मधल्या ‘इ’नेच आतला स्वर बदलला: उंगुर, इंग्री, इंग्स्तुर. स्तोउर, स्ताइरी, स्ताइर्स्तुर. इथेही बदल घडवणारा ‘इ’ आता जागेवर नाही.

मूळ शब्द कुठून आले? बराच माल वडिलोपार्जित. ‘रॉयदुर’ हा ‘रुधिर’, ‘लोहित’च्या धातूचा. ‘मिदुर’ म्हणजे मध्य, ‘फुत्लुर’ म्हणजे पूर्ण, ‘साइतुर’ म्हणजे स्वादु, ‘थुन्नुर’ म्हणजे तनु. ‘थुर’ म्हणजे कोरडा, आणि त्याचा धातू आपल्या तृषेचा. काही विशेषणं म्हणजे जुनी कृदन्तं. आपला ‘काल्दुर’च घ्या. ‘काला’ म्हणजे गोठणं, ‘काल्दुर’ म्हणजे गोठलेला. त्यातला ‘द’ हा ‘मृत’, ‘गत’मधला ‘त’. ‘दॉयदुर’ (मेलेला) तसाच घडलाय.

प्रत्ययांमध्ये सगळ्यांत कामसू आहे ‘लेगुर’, फेरोईजमध्ये ‘लिगुर’. हा मुळात ‘लीक’ म्हणजे शरीर, आकार. ‘मित्राच्या रूपाचा’ म्हणून ‘विनालेगुर’, मनमिळाऊ. गंमत म्हणजे दोन्ही भाषांत ‘लीक’चा आजचा अर्थ प्रेत. वर्गात हे सांगितलं की ‘ह्राइदिलेगुर’ (भयंकर) हा शब्द कुणी विसरत नाही.

नव्या रंगांना आइसलँडिकने जुन्या रंगांच्या खांद्यावर बसवलं. नारिंगी म्हणजे ‘आह्पेलसीनुगुलुर’, संत्रा-पिवळा. शेवटी ‘गुलुर’ आहे, तेव्हा चालवायची चिंता नाही. उलट ‘लिल्ला’ (फिकट जांभळा) हा परका शब्द तसाच घेतला आणि तो कशाही पुढे हलत नाही. ‘हिस्सा’ (चकित), ‘साम्माउला’ (सहमत), ‘एइनमाना’ (एकाकी) हे मात्र घरचेच, पण दुसऱ्या चालीत एका रूपावर गोठलेले. आपल्याकडे तांबडा-तांबडी-तांबडं बदलतं आणि ‘लाल’ ढिम्म राहतो, तसंच.

रंगांवरून आठवलं. आइसलँडमधल्या एका तबेल्यात मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘ब्रून्न’ म्हणजे तपकिरी घोडा मागितला, योग्य विभक्तीत. समोर आणला तो काळाकुट्ट. कोटाच्या बाबतीत ‘ब्रून्न’ म्हणजे तपकिरी, घोड्याच्या बाबतीत काळा. विभक्ती बरोबर, घोडा चुकला. ‘ब्लेइकुर’चीही तीच तऱ्हा: कापड असेल तर गुलाबी, घोडा असेल तर फिका, मातकट-पिवळा.

प्रवासाला जाणार असाल तर पाट्यांवरही लक्ष ठेवा. स्काफ्ताफेत्लला बेसॉल्टच्या खांबांवरून कोसळणारा धबधबा आहे, स्वार्तिफोस, म्हणजे काळा धबधबा. तिकडे जाणाऱ्या वाटेचं नाव सांगताना मात्र ‘स्वार्ताफोसी’ होतं. लोकांना वाटतं दोन धबधबे आहेत. चतुर्थी आली, आणि शब्दाच्या पोटातलं विशेषणसुद्धा चाललं, इतकंच.

शेवटी पुन्हा तुमच्या ‘उ’कडे. ‘फागुर’ म्हणजे सुंदर, स्त्रीलिंगी ‘फॉगुर’. ‘काल्दुर’चं ‘कॉल्द’ होताना ‘उर’ गेला, इथे का नाही गेला? कारण इथला ‘र’ प्रत्यय नाही, मूळ शब्दातलाच आहे. द्वितीयेत ‘फाग्रान’ होतं, त्यात तो स्वच्छ दिसतो. आणि ‘फॉगुर’मध्ये ‘ऑ’ही आहे आणि पुढे ‘उ’ही, म्हणून पुस्तकातला नियम इथे तरी डोळ्यांदेखत लागू झाला असं वाटेल. तसं नाही. हा ‘उ’ही उशिरा आलेलाच. ‘ऑ’ करणारा ‘उ’ त्या ‘र’च्या पलीकडे होता, ‘फाग्रु’मध्ये, आणि तो केव्हाच निघून गेला.